सोबतीला कोण?

बेळगावात मराठी माणसानं एकटं पडायचं म्हटलं तरी ते सोपं नाही. गणपतीत मंडळ असतं, शिवजयंतीला चित्ररथ असतात, नवरात्रात पहाटेची दौड असते, 1 नोव्हेंबरला सीमाप्रश्नाचा काळा दिन आणि 17 जानेवारीला त्याच लढ्यातला हुतात्मा दिन. थंडी पडली की कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा अशी गावोगावची साहित्य संमेलनं सुरू होतात. ‘ये की, माणसं कमी पडूलेत’ असा कुणाचा फोन आला नाही, असा महिना सहसा जात नाही. मी आमच्या गल्लीतल्या मंडळाचा खजिनदार. वर्गणीच्या पावत्या, मंडपवाल्याचा हिशोब, परवानगीचे कागद, आणि शेवटी विसर्जनाची मिरवणूक. ती संध्याकाळी निघते आणि दुसऱ्या दिवशी ऊन तापलं तरी कपिलेश्वर तलावाकडं सरकतच असते. त्या गर्दीत मला नावानं हाक मारणारी माणसं शेकड्यानं सापडतील.

आणि तरीही 53व्या वर्षी मला एकटेपणासाठी समुपदेशकाकडं जावं लागलं. ते कसं झालं आणि पुढं काय काय केलं, ते लिहितोय. आमच्या वयाचे पुरुष या विषयावर बोलत नाहीत. चुकून कुणी बोललाच तर ‘ह्याला काम कमी पडलंय’ असं ऐकून घ्यावं लागतं.

सुरुवात हर्नियानं झाली. उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये मी सुपरवायझर आहे, त्याआधी उमेदीची सगळी वर्षं लेथसमोर उभा. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, जाळी बसवावी लागेल, एक रात्र इथं राहावं लागेल. काउंटरवरच्या मुलीनं फॉर्म भरता भरता विचारलं, ‘सोबतीला कोण?’ बायको पुण्यात होती, मुलीच्या बाळंतपणाला. भाऊ गोव्यात. ‘बघून सांगतो’ म्हणालो, बाहेर आलो आणि स्कूटरवर बसून मोबाईलमधली नावं वरखाली करत राहिलो.

गंमत म्हणजे त्याच सुमारास सोसायटीच्या कर्जाला मला दोन जामीनदार लागले होते आणि ते एकेका फोनवर मिळाले होते. (आमच्याकडं सोसायटी म्हणजे पतसंस्था.) माझ्या कर्जाखाली सही करणारी माणसं होती. एक रात्र बाकड्यावर बसायला ये, असं ज्याला सांगावं असा माणूस मात्र सापडेना. कुणी आलं नसतं असं नाही. मंडळाच्या ग्रुपवर एक ओळ टाकली असती तर चार पोरं धावत आली असती, फोटो काढून स्टेटसला ठेवला असता. पण भूल उतरताना आपण काय बडबडू, सलाईन लावलेल्या हातानं बाथरूमला जाताना कुणाच्या खांद्यावर रेलायचं, या गोष्टी ग्रुपवर टाकायच्या नसतात.

बायको आल्यावर करू म्हणून ऑपरेशन पुढं ढकललं. मग झोप उडाली. ब्लडप्रेशर वाढलं. ज्या डॉक्टरांकडं गेलो ते वयानं मोठे, पेशंटला घाई न करणारे. गोळी लिहून देताना त्यांनी सहज विचारलं, ‘संध्याकाळी बोलता कुणाशी?’ मी म्हटलं, टीव्ही असतो. त्यांनी चिठ्ठीच्या मागच्या बाजूला एका समुपदेशक बाईंचं नाव लिहिलं.

बेळगावात वाढलेल्या कुणालाही विचारा, ‘ह्याला धारवाडला न्या’ ही शाळेपासूनची चेष्टा. तिथं मनोरुग्णांचं जुनं इस्पितळ. आता तिथं डिमहान्स ही मोठी संस्था आहे, उत्तर कर्नाटकातून लोक उपचाराला येतात, पण चेष्टेतलं धारवाड होतं तिथंच आहे. म्हणून पहिल्या दिवशी मी स्कूटर दोन गल्ल्या अलीकडं लावली आणि हेल्मेट न काढता जिना चढलो. वर वेटिंगमध्ये आमच्याच मंडळाचे एक माजी अध्यक्ष बसले होते. त्यांनी मला पाहिलं, मी त्यांना पाहिलं, आणि दोघांनीही भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला घेतलं.

बाई माझ्या मुलीच्या वयाच्या, घरी कन्नड बोलणाऱ्या. त्यांनी आधी एक प्रश्नावली दिली. कॅलिफोर्निया विद्यापीठात डॅनियल रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1978 साली तयार केलेली ही एकटेपणाची मोजपट्टी पुढं सुधारत गेली, जगभर वापरतात. वीस प्रश्न. कागद इंग्रजीत होता, बाई एकेक प्रश्न मराठीत करून विचारत होत्या. निम्म्याच्या वर मी ‘कधीकधी’वर खूण केली, कारण कारखान्यातही फॉर्म असाच भरतात, मधला रकाना पकडून. मग एक प्रश्न आला: माणसं तुमच्याभोवती आहेत पण तुमच्यासोबत नाहीत, असं किती वेळा वाटतं? मी ‘नेहमी’वर खूण केली. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, ‘काका, आता मागचे परत विचारते. खरं खरं सांगा.’

त्या दिवशी त्यांनी एक गोष्ट समजावली, ती पुढं उपयोगी पडली. रॉबर्ट वाइस नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं 1973 साली एकटेपणाचे दोन प्रकार मांडले. एक सामाजिक: आपला गोतावळा नाही, आपण कुठल्या कळपातले नाही. दुसरा भावनिक: ज्याच्यासमोर सैल होता येईल असं एकही जवळचं माणूस नाही. एकाची भरपाई दुसऱ्यानं होत नाही. माझ्याकडं पहिली गोष्ट इतकी होती की दुसरी नाही हे मला कळायलाच उशीर लागला. सीमाभागातल्या माणसाचं हे जास्त होत असावं असं माझं मत आहे. 1956 साली बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं, तेव्हापासून इथल्या मराठी माणसाला एकत्र राहायचं कारण आयतंच मिळालंय. घोषणा द्यायला उभं राहिलं की शेजारच्याचा खांदा लागतो, तेवढ्यानं ऊब येते. पण त्या शेजारच्याला रात्री झोप लागते का, हे विचारायची तिथं जागा नसते. मोर्चाला मी आजही जातो. तिथं जे मिळत नाही ते तिथं मागायचं मात्र सोडलं.

झोप नव्हतीच, म्हणून रात्री फोनवर या विषयाचं वाचत बसायचो. जागतिक आरोग्य संघटनेनं नोव्हेंबर 2023 मध्ये माणसांच्या नात्यांसाठी एक आयोग नेमला होता. जून 2025 मध्ये त्याचा अहवाल आला: जगात सहांपैकी एक माणूस एकटेपणानं ग्रासलेला. ब्रिटननं तर 2018 मध्येच या कामाला एक मंत्री दिला. अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल विवेक मूर्ती यांनी 2023 मध्ये इशारा दिला की माणसांपासून तुटल्यानं मरणाचा जो धोका वाढतो तो दिवसाला पंधरापर्यंत सिगारेटी ओढण्याच्या तोडीचा आहे. मूर्तींचं मूळ घराणं मंड्याकडच्या हल्लेगेरे गावचं, म्हणजे आपल्याच कर्नाटकातलं. (‘आपल्याच’ लिहिताना आमच्याकडच्या माणसाचा हात जरा थबकतो. असो.) जन्मात एक सिगारेट ओढली नाही आणि नुकसान तेवढंच, हे वाचून त्या रात्री तर अजिबातच झोप आली नाही. बाई म्हणाल्या, ‘ते आकडे सरकारांसाठी असतात. तुम्हाला मी या आठवड्याचं काम देते.’

काम असं होतं: आठवड्यातून एकदा कुणाकडं तरी काहीतरी मागायचं. पैसे सोडून काहीही.

हे मला ऑपरेशनपेक्षा अवघड गेलं. कुणाचा मिंधा होऊ नकोस, या एका वाक्यावर आमचं घर चाललं होतं. वडील पाहुण्यांकडं गेले तरी पाणी स्वतः उठून घ्यायचे. मी पहिल्या आठवड्यात शेजाऱ्यांकडं शिडी मागितली. शेजारी हुबळीकडचे. इतक्या वर्षांत आमचं बोलणं म्हणजे फाटकात ‘ऊटा आतेन्री?’ आणि त्यावर माझं ‘आत्री’. जेवण झालं का, झालं, संपलं. शिडी मागितल्यावर यजमान स्वतः ती घेऊन आले, मी पन्हळ साफ करेपर्यंत खाली धरून उभे राहिले आणि वर काय काय सापडतंय ते विचारत राहिले. चारच दिवसांनी त्यांच्या घरच्या अक्का किल्ली घेऊन दारात. लग्नाला गावी निघालो आहोत, ठेवून घ्या. आजवर ती किल्ली गल्लीच्या टोकाच्या घरी असायची. मी म्हटलं, इतकी वर्षं आम्ही शेजारी असून? अक्का त्यांच्या मराठीत म्हणाल्या, ‘तुम्ही कधी काय मागतच नाही हो. मग आम्ही कसं मागायचं?’

मी जिला आपली सभ्यता समजत होतो ती समोरून बंद दारासारखी दिसत होती, एवढं त्या किल्लीनं कळलं.

पुढचं काम मोठं होतं. तीन नावं लिहा, म्हणाल्या. नवीन माणसं शोधू नका, या वयात ते लांबचं काम आहे. पूर्वी ज्यांच्याजवळ बसल्यावर बरं वाटायचं अशी तीन माणसं. मी लिहिलं: आयटीआयपासूनचा माझा मित्र, आता येळ्ळूरला शेती करतो. दुसरा, आमच्या कारखान्यात काही वर्षं होता आणि मग घरच्या मागावर परत गेला तो वडगावचा कन्नड बोलणारा विणकर. आणि निपाणीचा माझा चुलतभाऊ. तिघांचीही नावं इथं घालत नाही, त्यांना आवडणार नाही.

मध्येच दहावीच्या बॅचचं गेट-टुगेदर झालं. खानापूर रोडवर एका शेतघरात. सगळ्यांना फेटे बांधले, गुरुजींचा सत्कार, डीजे, मटणाचा रस्सा, नावाचे बिल्ले. कुणाची मुलं कॅनडात, कुणाचं अपार्टमेंट, कुणाला कुठं तिकीट मिळता मिळता राहिलं. छान झालं. घरी आल्यावर रात्री ग्रुपवर दोनशे फोटो पडले आणि त्यातल्या एकाही माणसाला दुसऱ्या दिवशी फोन करायचं कारण माझ्याकडं नव्हतं. व्हॅक्सिन डेपोतला मॉर्निंग वॉकही करून पाहिला. तिथं झाडं चांगली आहेत. गप्पा मात्र प्लॉटच्या भावाच्या.

येळ्ळूरच्याला फोन केला तो संध्याकाळी, दोनदा नंबर काढून बंद केल्यावर. आमची भेट लग्नाकार्यात व्हायची. ‘या की एकदा’, ‘येतो की’. बेळगावात ‘येतो की’ म्हटलं की माणूस येणार नाही हे दोघांनाही माहीत असतं. फोन उचलल्या उचलल्या तो म्हणाला, ‘काय झालं? कोण गेलं?’

‘कोण न्हाई गेलं गा.’

‘मग? पैसे पायजेत काय?’

‘न्हाई. सहज केलो.’

‘सहज?’ बराच वेळ तिकडून काही नाही. मग, ‘पाखरं राखायला बसतोय सध्या. येत असलास तर शेतात ये. घरात न्हाई गावणार मी.’

मी फोन ठेवला तो अपमान झाल्यासारखा. याला आनंद झाला नाही, हा मला टाळतोय, पैशाचं काढलं, घरी या म्हणालासुद्धा नाही. असं पंधरा दिवस धरून बसलो. बाईंना सांगितलं तर त्यांनी एवढंच विचारलं, ‘त्यांनी या म्हटलं की येऊ नका म्हटलं?’ या म्हटलं. ‘मग?’ मग त्यांनी शिकागोच्या जॉन कॅसिओपो यांच्या संशोधनाबद्दल सांगितलं. त्यांचं म्हणणं, भूक-तहान लागते तसाच एकटेपणा हाही शरीराचा इशाराच: माणसांत जा. पण तो फार दिवस टिकला की डोकं पहाऱ्यावर बसतं. समोरच्याच्या साध्या बोलण्यातही नकार दिसायला लागतो. माणूस मागं सरतो, मागं सरल्यानं आणखी एकटा पडतो. म्हणजे माणसांची गरज वाढते तशी माणसांना वाचण्याची नजर बिघडते. त्याच्या जागी मी असतो आणि वीस वर्षांनी असा फोन आला असता, तर मीही पैशाचंच विचारलं असतं, हे तोवर डोक्यात आलंच नव्हतं.

त्या रविवारी गेलो. वडगाव ओलांडलं की येळ्ळूरकडं जाताना दोन्ही बाजूंना भातच भात, मागं राजहंसगड. त्याचं शिवार बायपासच्या अंगाला. पावसाळ्यात बळ्ळारी नाला फुगला की पिकात पाणी शिरतं, उतरलं की पुन्हा उभं करायचं. बेळगाव बासमती म्हणून ज्या तांदळाचं नाव आहे तो याच मातीतला. आता बहुतेकांनी इंद्रायणी नाहीतर जादा उताऱ्याची जात धरलीय. हा मात्र एका तुकड्यात बासमतीच लावतो, परवडत नाही हे स्वतःच सांगत. दाणा दुधात असला की पाखरांचे थवे उतरतात. त्यांना हाकलायला पत्र्याचा डबा आणि घसा. मला हर्नियाचा पट्टा, वजन उचलायची बंदी. त्यानं बांधावर पोतं अंथरलं, डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, ‘बस आणि बडव.’

पुढचे रविवार मी डबा बडवला. पहिले काही तास आम्ही बोललो ते खताच्या भावाबद्दल, पावसाबद्दल, आयटीआयतल्या एका सरांबद्दल जे फाईल नीट धरली नाही तर हातावर मारायचे. बाकी गप्प. पण ते गप्प बसणं टीव्हीसमोरच्या गप्प बसण्यापेक्षा वेगळं होतं. मध्येच तो उठून ओरडायचा, मध्येच मी. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी 2018 मध्ये मैत्रीचे तास मोजले होते: ओळखीचा माणूस साधा मित्र व्हायला सुमारे पन्नास तास, चांगला मित्र व्हायला नव्वद, जिवाभावाचा व्हायला दोनशेच्या वर. आणि कामावर एकत्र घालवलेले तास तितकेसे धरले जात नाहीत. हे वाचल्यावर उद्यमबागेतली सगळी वर्षं हिशोबातून गेली म्हणून मी खट्टू झालो होतो. आठवड्याला दोन तास धरले तर दोनशे तासांना जवळजवळ दोन वर्षं. पोरं कॉलेजात एका महिन्यात जे करतात ते आपण पन्नाशीत दोन वर्षांत करणार. बाईंना विचारलं, जुने तास पीएफसारखे पुढं चालू धरतात का? त्या हसल्या. ‘व्याज मिळणार नाही. मुद्दल बुडत नाही.’

कधीतरी, पीक पिवळं पडायला लागल्यावर, तो डबा बडवता बडवता समोर बघत म्हणाला, बैल विकल्यावर मी महिनाभर गोठ्यात गेलो नाही. बायकोला सांगितलं, कंबर दुखते. ट्रॅक्टर भाड्यानं मिळतो, बैल परवडत नाहीत, सगळं बरोबर आहे. खरं सकाळी चारला जाग येते आणि वैरण घालायला कोण नसतंय. मी काही बोललो नाही. मग मीही समोर बघतच सांगितलं की मला ऑपरेशनची भीती नाही, शुद्धीवर येऊ तेव्हा खोलीत ओळखीचं कोणी नसेल याची आहे. आमची नजर पिकावर होती हे बरं होतं. पुरुषांना समोरासमोर बसवून ‘मन मोकळं करा’ म्हणणाऱ्यांनी एकदा शेतात येऊन बघावं; दोघांनी एकाच दिशेला तोंड करून बसलं की निम्मं काम होतं.

‘सोबतीला येशील काय?’ हे मी विचारलं तेव्हा आवाज माझा मलाच अनोळखी वाटला.

‘कवा?’

‘भात घरात आलं की. तुझ्या सोयीनं.’

‘डबा आणू की तिथं मिळतंय?’

एवढंच. महिनोन्‌महिने ज्याच्यावर मी रक्तदाब वाढवून घेतला त्याचं उत्तर जेवणाच्या डब्याबद्दल होतं.

सुगी आटोपल्यावर ऑपरेशन झालं. तो घोंगडं, बॅटरी आणि भाकरीचा डबा घेऊन आला. काउंटरवर नात्याच्या रकान्यात काय लिहायचं विचारलं तर ‘भाऊ लिवा’ म्हणाला. आडनाव वेगळं बघून मुलगी थांबली. ‘मावसभाऊ,’ तो न थांबता म्हणाला. भूल उतरताना मी त्याला लेथच्या टूल ऑफसेटबद्दल बराच वेळ सूचना दिल्या, असं तो सांगतो. रात्री बाथरूमला त्यानंच नेलं. नंतर तो इतक्या जोरात घोरला की पलीकडच्या पेशंटनं सिस्टरकडं तक्रार केली आणि सिस्टरनं कन्नडमध्ये त्याला झापलं. त्यानंही कन्नडमध्येच माफी मागितली आणि पाच मिनिटांत पुन्हा सुरू. मी जागा होतो. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच जागं असण्याचा त्रास होत नव्हता.

वडगावच्या विणकराचं मात्र चहापर्यंतच राहिलं. यंत्रमाग चालू असताना बोलायचं तर ओरडावं लागतं, आणि माग बंद ठेवणं त्याला परवडत नाही. मी गेलो की तो दहा मिनिटं बाहेर येतो, आम्ही अर्धं कन्नड अर्धं मराठी बोलतो, तो आत जातो. हे पन्नास तासांच्या यादीतलं नातं आहे आणि तसंच राहील. मला ते पुरतं.

बायको नातवाला तीन-चार महिन्यांचा करून परत आली तर रविवारी नवरा घरात नाही. तिला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं तिला बरं वाटेल. ती भांडी लावत होती, थांबली. ‘इतकी वर्षं मी विचारतेय काय झालं म्हणून, तर “काही नाही”. आणि तिथं बांधावर बसून सगळं सांगता होय?’ यावर माझ्याकडं चांगलं उत्तर नव्हतं, आजही पुरतं नाही. तिला सांगितलं की ती काळजी करते, मग माझ्या काळजीत तिची काळजी मिळते, मग मी गप्प बसतो. ‘म्हणजे मी काळजी करायची नाही,’ ती म्हणाली. हे प्रकरण अजून चालू आहे. सध्या असं ठरलंय की रात्री जेवण झाल्यावर टीव्ही लावायच्या आधी गच्चीत फेऱ्या मारायच्या. शेजारी शेजारी. तो बांधावरचाच प्रयोग.

तिच्या बाबतीत एक गोष्ट मात्र मी आता आदरानं बघतो, ती म्हणजे बायकांची भिशी. आम्ही आयुष्यभर तिची चेष्टा केली. पण ती यंत्रणा बघा: तारीख ठरलेली, घर ठरलेलं, पैसे अडकलेले म्हणून यायलाच लागतं, आणि एखादी आली नाही तर बाराजणी विचारतात का आली नाही. सोबतीचे तास आपोआप भरतात, कुणी मुद्दाम मन मोकळं करायला बसत नाही. आमच्या कारखान्यातही पुरुषांची भिशी आहे. ती आता फोनवर चालते. पैसे खात्यावर जमा होतात, कुणी कुणाला भेटत नाही.

निपाणीचा चुलतभाऊ फोन उचलत नाही. वडिलांच्या पिढीतला वाटणीचा वाद आहे, त्यात मी पडलो नव्हतो. पण न पडण्यालाही तिकडून अर्थ असतो. मी महिन्याला एकदा फोन लावतो आणि कापतो. बाई म्हणाल्या, लावत राहा. उचललाच पाहिजे अशी अट घालू नका.

शेवटच्या भेटीत त्यांनी तोच कागद पुन्हा दिला. बरीच उत्तरं पूर्वीसारखीच आली. भोवती आणि सोबतच्या प्रश्नावर या वेळी ‘कधीकधी’ आलं, आणि हे रकाना पकडून दिलेलं नव्हतं. आता गरज पडली तरच या, म्हणाल्या. रात्री-अपरात्री फारच वाईट वाटलं तर टेली-मानसचा 14416 हा नंबर आहे, सरकारी, फुकट. तो मी बायकोच्याही फोनमध्ये टाकून ठेवला. जिन्यात खाली येताना ते माजी अध्यक्ष वर चढत होते. या वेळी आम्ही दोघंही थांबलो. ‘कसं काय?’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पूर्वीपेक्षा बरं. तुमचं? ते म्हणाले, ‘आताच सुरू केलंय.’ मंडळाच्या बैठकीत आम्ही आता शेजारी बसतो, यापलीकडं अजून काही झालेलं नाही.

भातामागं येळ्ळूरच्यानं मसूर पेरला होता, तो काढायला मी गेलो होतो. मसूर पहाटे दव असतानाच उपटायचा, ऊन चढलं की शेंगा तडकतात. वजन उचलायचं नसलं तरी एवढं मला चालतं. पेंढ्या रचून झाल्यावर तो म्हणाला, ‘तुझ्याकडं एक काम हाय.’ त्याचा मुलगा गोव्यात नोकरीला आहे. बायपासकडेच्या तुकड्याला चांगला भाव येतोय, विकून टाकू म्हणतोय, या रविवारी बोलायला येणार आहे. ‘माझं आणि त्याचं बोलणं दोन मिनिटांत भांडणावर जातंय. तू बसशील काय मध्ये?’

बसतो म्हणालो. अडचण एवढीच की सगळा हिशोब मांडून बघितल्यावर मला पोराचं बरोबर वाटतंय. पुढं ही शेती करायला कोण नाही, त्याच्या गुडघ्यांचं खरं नाही, आणि बासमतीचा तुकडा ठेवून बाकीचं विकता येतं. हे त्याला रविवारच्या आधी एकट्याला गाठून सांगायचं, की पोरासमोरच सांगायचं? बायको म्हणते, आधी सांगा. म्हणून शुक्रवारी शिफ्ट सुटल्यावर येळ्ळूरला जाणार आहे. तो शिव्या देईल, हे मी गृहीत धरलंय.